तक्रार नाही, म्हणून धोका नाही?

कारखान्यात अपघात झाला की पहिलं बोट कामगाराकडे जातं. पाठोपाठ युक्तिवाद येतो: नियम आहेत, परमिट आहेत, प्रशिक्षण दिलं आहे, वरचे साहेब काय बोलतात याने काय फरक पडतो? हा युक्तिवाद नुसता चुकीचा नाही, जीवघेणा आहे.

6 जुलै 1988 च्या रात्री उत्तर समुद्रातला पायपर अल्फा हा तेलफलाट जळाला आणि 167 माणसं गेली. वर्क परमिट तिथेही होतेच. दिवसपाळीत एका कंडेन्सेट पंपाचा सेफ्टी व्हॉल्व्ह काढला होता. त्याचं परमिटही होतं. रात्रपाळीपर्यंत ही गोष्ट पोचली नाही. दुसरा पंप बंद पडला, तेव्हा त्यांनी नेमका हाच सुरू केला. म्हणजे चूक कामगारांचीच? मग 1987 चं काय? त्या वर्षी याच फलाटावर एक कामगार दगावला, तेव्हाच परमिट आणि पाळीबदलातला ढिसाळपणा उघड झाला होता. लॉर्ड कलन यांच्या चौकशीत निघालं ते असं: खालून तक्रार येत नाही, त्या अर्थी सगळं ठीक आहे, असं व्यवस्थापन धरून चाललं होतं.

पण तक्रार येईल कशी? ज्या साहेबाचा रोजचा पहिला प्रश्न ‘उत्पादन किती?’ हा असतो, त्याच्याकडे व्हॉल्व्हचं रडगाणं घेऊन कोण जाईल?

त्याच रात्री क्लेमोर या शेजारच्या फलाटाने, पायपर पेटल्याचं कळूनही, सामायिक वाहिनीत तेल सोडणं लगेच थांबवलं नाही. तिथला प्रमुख किनाऱ्यावरच्या वरिष्ठांशी बोलू पाहत होता. ‘धोका दिसला की बंद कर, नुकसानीचा जाब तुला विचारणार नाही’ हे वरिष्ठाने आधीच, कामाच्या साध्या दिवशी, तोंडाने आणि वारंवार सांगावं लागतं. आगीच्या रात्री ते सांगायला वेळ नसतो.

असं बोलत बसलं तर उत्पादन मागे पडेल, हा शेवटचा आक्षेप. पॉल ओनील 1987 मध्ये अल्कोआ या ॲल्युमिनियम कंपनीचे प्रमुख झाले आणि गुंतवणूकदारांसमोरच्या पहिल्याच भाषणात नफ्याआधी कामगारांच्या सुरक्षिततेवर बोलले. त्यांच्या कारकिर्दीत दुखापती घटल्या आणि नफाही वाढला. पुढे मेक्सिकोतल्या कारखान्यात कामगारांना वायूची बाधा झाल्याचं एका बड्या अधिकाऱ्याने वर कळवलं नव्हतं. त्याच्या विभागाची कामगिरी उत्तम होती. तरी ओनील यांनी त्याला काढून टाकलं.