कात्रीलाही घर हवे

घरी शिवणयंत्र आले की आपण शेजारीपाजारी पेढे वाटतो. पण कात्री, रिळे, बॉबिन, सुया, हुक-बटणे कोठे ठेवायची, याचा विचार कोणी करीत नाही. सारे बिस्किटाच्या एकाच डब्यात! आमच्याही घरी तेच होते. एके दिवशी तुटलेल्या सुईचे टोक आमच्या धाकट्याच्या तळपायात शिरले, तेव्हा कुठे आमचे डोळे उघडले.

मग आम्ही हिशेब मांडला. शोधाशोधीत रोज १० मिनिटे गेली, तर ३०० दिवसांत ३००० मिनिटे, म्हणजे ५० तास. आठ तासांचा दिवस धरला तर सहा दिवसांची मजुरी बुडाली! ही तूट कोणत्याच वहीत चढत नाही. घरची बाई आपली झोप मोडून ती भरून काढते.

इंग्लंड-अमेरिकेतील गळाचे शौकीन आकड्यावर पिसे व दोरा गुंडाळून खोटी माशी बांधतात. मासा तिला खरा किडा समजून फसतो. या नाजूक कामाच्या मेजावर ठेवायला ते हौसेने लाकडी ठोकळे करतात. रिळांना खुंट्या, कात्री-चिमट्यांना भोके, आकड्यांना खळगे. तिकडे छंदासाठी एवढी व्यवस्था, आणि आपल्याकडे पोटाच्या कामाला डबा!

तोच ठोकळा शिवणकामालाही चालतो. सुताराकडून सागाचा उरलेला तुकडा आणावा. १२ इंच लांब, ६ इंच रुंद, दीड इंच जाड पुरे. लाकूड चांगले वाळलेले असावे, नाही तर पुढे तडकते. मागच्या बाजूला दोन-दोन इंचांवर भोके पाडून बांबूच्या खुंट्या बसवाव्यात. पुढे कात्रीसाठी खाच आणि बटणांसाठी पटाशीने उथळ खळगे करावेत. जुन्या स्पीकरचे लोहचुंबक एका कोपऱ्यात बसवले की टाचण्या-सुया खाली सांडत नाहीत. संत्र्याच्या जुन्या लाकडी पेट्या आमच्या कारंजाकडे नव्या नाहीत. खिळे काढून त्या फळ्यांचा छोटा खणही होतो.

शेवटी पॉलिश पेपरने घासून जवसाच्या तेलाचा पातळ हात द्यावा. नीट वाळू द्यावे, नाही तर कापडाला डाग पडतात. तेलाचा बोळा मात्र चुरगाळून टाकू नये. तो आपोआप तापून पेट घेऊ शकतो. उघड्यावर पसरून वाळवावा. ठोकळा यंत्राच्या फळीवर न ठेवता बाजूला, हाताच्या अंतरावर ठेवावा, म्हणजे हादऱ्याने रिळे पडत नाहीत.

यंत्र घेऊन दिले की कर्तव्य संपले, असे आम्हा पुरुषांना वाटते. जिच्या शिलाईवर मुलांच्या वह्या-पुस्तकांचा खर्च निघतो, तिच्या हत्यारांना हक्काची जागा नको का? त्यासाठी एक रविवार पुरतो. आम्ही तो दिला, पण पोराच्या पायात सुई शिरल्यावर. तुम्ही तेवढी वाट पाहू नका.