आजीचे माहेर कोणते?

आमच्या समाजात आडनाव सांगितले की गाव सांगितल्यासारखेच होते. पेणकर पेणचे, रोहेकर रोह्याचे, नागावकर नागावचे, किहिमकर किहीमचे. ज्या कुलाबा जिल्ह्याला १९८१ पासून रायगड म्हणू लागले, त्याचा निम्मा नकाशा आमच्या लग्नपत्रिकांवरून काढता येईल. या गोष्टीचा आम्हां सर्वांस अभिमान वाटतो आणि तो रास्तही आहे. परंतु या नकाशात एक उणीव आहे, तिच्याकडे वाचकांचे लक्ष वेधावे म्हणून हा लेखनप्रपंच.

कोणत्याही घरी जाऊन विचारावे, 'तुमच्या पणजोबांचे नाव काय?' उत्तर तत्काळ मिळते. मग विचारावे, 'तुमच्या आजीचे माहेर कोणते? तिच्या आईचे नाव काय?' आता घरातील माणसे एकमेकांकडे पाहू लागतात. आडनाव जन्मतः बापाचे आणि विवाहानंतर नवऱ्याचे. त्यामुळे मुलगी सासरी गेली की तिचे गावही पुसले गेले. जी दोनदा सासरी गेली, ती तर दोनदा पुसली गेली.

पुरुषांच्या बाबतीत असे झाले नाही. १७९६ साली मुंबईत आमचे पहिले प्रार्थनालय, शार हारहमीम, ज्यांनी उभारले ते समाजी हसाजी दिवेकर म्हणजेच शमुवेल यहेज्केल दिवेकर, हे शाळकरी मुलालाही सांगता येते. इसाजी म्हणजे इसहाक, मुसाजी म्हणजे मोशे, अशा जोड्या जुळवून आम्ही पलटणीतल्या सुभेदाराची आणि सिनेगॉगच्या मुकादमाची ओळख पटवतो. स्त्रीला घरी एक नाव, केतूबेत दुसरे आणि शेजाऱ्यापाजाऱ्यांत 'अमक्याची आई' हे तिसरे. या तिहींची जोडी जुळवून लिहून ठेवावी असे कोणास वाटले नाही. हायम शमुवेल किहिमकर यांनी १८९७ च्या सुमारास सिद्ध केलेला आणि १९३७ साली तेल अवीव येथे छापला गेलेला आमचा इतिहास फार मोलाचा ग्रंथ होय. पण आपल्या पणजीचा शोध त्यात घेऊ जाल तर बहुधा पणजोबाच भेटतील.

ही उणीव किती महाग पडते, हे आमच्या वडीलधाऱ्यांनी याच देशात अनुभवले. फेब्रुवारी १९६२ मध्ये मुख्य रब्बीनेटने विवाह नोंदणाऱ्या रब्बींना जे आदेश दिले, त्यांत बेने इस्राएल वधूवरांची चौकशी आईकडून करावयास सांगितले होते. आई, आईची आई आणि शक्य तितके मागे. पूर्वजांपैकी कोणा स्त्रीने धर्मसंमत गेट न घेता घटस्फोट घेऊन पुन्हा विवाह केला होता काय, हाही प्रश्न होता. म्हणजे जी बाजू आम्ही कधी लिहून ठेवली नाही, तीच नेमकी विचारली गेली. त्याविरुद्ध आमच्या लोकांनी कसा लढा दिला, १९६४ च्या उन्हाळ्यात बायकामुले जेरुसलेमला कशी ठाण मांडून बसली, १७ ऑगस्टला क्नेसेटची खास बैठक कशी झाली आणि ३१ ऑगस्टला आदेशातून आमच्या समाजाचे नाव कसे गाळले गेले, हे वाचकांस ठाऊक आहे. त्याची पुनरुक्ती करीत नाही. त्या काळात एका घरात काय घडले, तेवढे सांगतो.

आमच्या आजीला एक थोरली बहीण होती. घरात तिला सर्व 'ताईबाय' म्हणत. आम्हांस लहानपणापासून ठाऊक असलेली कथा अशी, की ताईबाय अलिबागेस दिली होती, नवरा लवकर वारला आणि पाठोपाठ तीही तान्ही मुलगी मागे ठेवून गेली. ती मुलगी आजोळी वाढली. आमच्या आईची ती मावसबहीण. आम्ही तिला मोठी मावशी म्हणत असू. याखेरीज आजीची आणखी एक बहीण कराचीला दिली होती, असेही अधूनमधून कानावर येई. तिच्याविषयी कोणी फारसे बोलत नसे.

मोठी मावशी सहकुटुंब इस्राएलला आली. १९६२ नंतर तिच्या मुलीचा विवाह ठरला, तेव्हा एका शहरातील नोंदणी कार्यालयात तिला विचारण्यात आले, 'तुझ्या आईचा मृत्यू कोठे झाला? कबर कोठे आहे? तिचा विवाह एकदाच झाला होता काय?' मावशीने ठाऊक होते ते सांगितले. पण मृत्यूची तारीख नाही, कबरीचा पत्ता नाही, कागद नाही. घरातील दोन वृद्धांना खरे ठाऊक होते. त्यांनी तोंड उघडले नाही. विवाह अखेर झाला. परंतु तो १९६४ नंतर, दोन वर्षांच्या खोळंब्याने.

ते दोघे का बोलले नाहीत, हे पुढे कागदांनी सांगितले. आमची आजी वारल्यावर तिची पत्र्याची ट्रंक आमच्याकडे आली. तीत ताईबायची अलिबागची केतूबा होती आणि मनीऑर्डरच्या कुपनांचा दोऱ्याने बांधलेला एक जुडगा होता. कुपने कराचीची, आमच्या पणजोबांच्या नावे आलेली. मजकूर दोन ओळींचा. बहुतेकांवर 'मुलीच्या फीकरिता', एकावर 'मुलीस परकर शिवावा'.

कराचीच्या मावशीने बहिणीच्या मुलीसाठी महिन्याच्या महिन्याला पैसे पाठवावेत, हे अशक्य नाही. म्हणून आम्ही पुढे शोध घेतला. आम्ही पेशाने शिक्षक. मावशीच्या शाळेचे जनरल रजिस्टर पाहावे हे ओघानेच आले. त्यात वडिलांचे नाव आणि पुढे 'मयत', पालक म्हणून आमचे पणजोबा. आईच्या नावाचा रकानाच नव्हता. (महाराष्ट्र शासनाने १ मे २०२४ पासून जन्मलेल्या बालकांच्या नावात आईचे नाव अनिवार्य केले. एवढी वर्षे लागली!) पुढे लोदमध्ये राहणाऱ्या एका कुटुंबाशी ओळख निघाली. ते मूळचे कराचीचे, फाळणीनंतर मुंबईत आलेले आणि तेथून बऱ्याच उशिरा इस्राएलला आलेले. त्यांच्या आजीची केतूबा त्यांनी आमच्यापुढे ठेवली. वधूचे हिब्रू नाव तेच. तिच्या पित्याचे नाव तेच.

एका बापाच्या दोन हयात मुलींचे नाव एकच असत नाही. तरीही केवळ नावावर विसंबू नये. येथे केतूबा कशी वाचावी ते सांगितले पाहिजे, कारण ते प्रत्येक घरी उपयोगी पडेल.

केतूबेत वधूच्या नावाबरोबर तिची स्थिती सांगणारा एक अरामी शब्द असतो. 'बेतुल्ता' म्हणजे कुमारिका, 'अर्मल्ता' म्हणजे विधवा, 'मेतारख्ता' म्हणजे घटस्फोटिता. पुढे वराने देऊ केलेली रक्कम येते. कुमारिकेस २०० झूझ, विधवेस वा घटस्फोटितेस सामान्यतः १००. हिब्रू न येणाऱ्यानेही हे दोन शब्द आणि हा आकडा जाणकाराकडून वाचून घ्यावा. विवाह पहिला की दुसरा, ते तेथेच कळते. तारीख जगाच्या उत्पत्तीपासूनच्या सनाची असते आणि अक्षरांत लिहिताना पुष्कळदा हजारांचा आकडा गाळतात. ताव, शिन, हेत ही अक्षरे म्हणजे ७०८, अर्थात ५७०८. त्यातून ३७६० वजा केले की १९४८ येते. मात्र हिब्रू वर्ष तिश्री महिन्यात सुरू होते, म्हणून वर्षारंभापासून डिसेंबरअखेरच्या तारखांसाठी ३७६१ वजा करावे. राज्याची स्थापना ५ इय्यार ५७०८ ला झाली, ती १४ मे १९४८. संयुक्त राष्ट्रांचा फाळणीचा ठराव १६ किस्लेव्ह ५७०८ चा, पण तो २९ नोव्हेंबर १९४७. एवढे ध्यानात ठेवले म्हणजे पुरे.

आता अलिबागची केतूबा पाहा: 'बेतुल्ता', २०० झूझ. कराचीची पाहा: 'अर्मल्ता', १०० झूझ. कराचीची वधू ही ताईबायची दुसरी बहीण असती, तर तीही आधी कोठे तरी विवाह होऊन विधवा झालेली असावयास हवी होती. तशी कोणतीही हकीकत कुळात नाही. दोन बहिणी नव्हत्याच. ताईबाय एकच. ती अलिबागेत मेली नाही. कराचीत तिने दुसरा संसार केला आणि पहिलीच्या मुलीची फी भरीत राहिली. वरळीच्या कबरस्तानात तिचा दगड आहे. त्यावर मराठीत आणि हिब्रूत तिचे नाव आहे, आडनाव दुसऱ्या पतीचे. मोठी मावशी इस्राएलला येण्यापूर्वी काही वर्षे मायलेकी एकाच मुंबई शहरात राहत होत्या. त्यांची भेट झाल्याची नोंद कोणत्याही कागदात नाही.

मुलीला आई मेल्याचे का सांगितले? आपल्या धर्मात विधवाविवाहास आडकाठी नाही. शाबुओथच्या सणाला जिचे पुस्तक वाचतात ती रूथ विधवाच होती, आणि तिच्या दुसऱ्या विवाहातून दाविद राजाचा वंश चालला. परंतु कोकणात शेकडो वर्षे राहून शेजाऱ्यांच्या चालीरीती आमच्याही अंगी लागल्या होत्या आणि विधवेचा विवाह कमीपणाचा मानण्याची रीत त्यांपैकीच एक. दुसरेपणावर दिलेल्या बाईने पहिलीचे मूल बरोबर नेणे नव्या घराला रुचत नसे. पणजोबांनी मुलीला संसार मिळवून दिला आणि नातीला घर दिले. त्याची किंमत म्हणून एक असत्य घरात आणून ठेवले. त्या काळच्या माणसांस आम्ही आज दोष देत नाही.

मात्र ते असत्य चाळीस-पन्नास वर्षांनी काय करते ते पाहावे. कार्यालयात प्रश्न आला तेव्हा वृद्धांना वाटले, ताईबायचा दुसरा विवाह झाला असे म्हटले, तर पहिल्याचा घटस्फोट झाला होता की मृत्यू, हे आपण कशाने सिद्ध करणार? घटस्फोट झाला असे त्यांनी धरले तर गेट मागतील, आणि नातीचे लग्न कायमचे मोडेल. म्हणून ते गप्प राहिले. ज्या कागदाची त्यांना धास्ती होती, त्याच कागदावर 'अर्मल्ता' हा शब्द होता. तो त्या वेळी मुंबईत एका कपाटात घडी घालून ठेवलेला होता, आणि कपाटाचे मालक व आम्ही एकमेकांचे नातलग आहोत हे दोन्हीकडे कोणास माहीत नव्हते.

मोठी मावशी हे न कळताच गेली. तिची मुलगी आता ऐंशीच्या पुढे आहे आणि बेरशेबात राहते. आम्ही तिला सर्व कागदांच्या प्रती दिल्या. तिने कुपने सर्वांत आधी वाचली. नंतर आजीच्या मृत्यूची हिब्रू तारीख लिहून घेतली आणि हश्काबा त्या दिवशी म्हणावयाची व्यवस्था केली. लोदच्या मंडळींना तिने घरी मलिद्याला बोलावले होते. एवढ्या वयात तिला सख्खी आजी मिळाली, आणि आजीची दुसरी नातवंडेही.

आमच्या जवळ जो व्यवसाय आहे त्यास अनुसरून आता वाचकांस थोडा गृहपाठ देतो. आपल्या आईचे, आजीचे आणि पणजीचे नाव लिहावे. प्रत्येकीचे घरचे नाव, केतूबेतील नाव आणि माहेरचे आडनाव वेगवेगळ्या रकान्यांत लिहावे. विवाह दोन झाले असल्यास दोन्ही लिहावेत आणि पहिला कशाने संपला तेही लिहावे. केतूबा ही स्त्रीची ठेव. ती मुलाच्या घरी सापडली नाही तर मुलीच्या घरी शोधावी. सिद्दूरची पहिली आणि शेवटची कोरी पाने उलटावीत. जुन्या ओळखपत्रातील आईचे नाव उतरवून घ्यावे. भारतात जाणाऱ्यांनी कबरीच्या दगडाचे छायाचित्र घेताना मागील बाजूही घ्यावी. आणि घरात नव्वदीची म्हातारी असेल, तर तिला प्रथम तिच्या आईविषयी विचारावे. नवऱ्याविषयी ती न विचारताही सांगेल.

आजाऱ्यासाठी प्रार्थना म्हणताना आपण त्याचे नाव बापाच्या नावाने घेत नाही, आईच्या नावाने घेतो. ज्या परंपरेत दुखण्याखुपण्याच्या वेळी आईचेच नाव चालते, त्या परंपरेतील माणसांनी ते नाव विसरू नये. पुढील शाबाथला मुलेबाळे जेवायला जमतील, तेव्हा कागद-पेन्सिल जवळ असू द्यावी. शाबाथ संपल्यावर लिहून काढावे.