रिकाम्या तळ्याचीही नोंद हवी आहे

जानेवारीचा दुसरा आणि तिसरा आठवडा, एवढेच दिवस हातात आहेत. १९८७ साली भारतीय उपखंडात सुरू झालेली पाणपक्ष्यांची गणना दर वर्षी याच सुमारास होते. आपल्याकडे तिची जुळवाजुळव बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटी करते आणि प्रत्यक्ष मोजणी मुख्यतः हौशी माणसं करतात, पदरमोड करून. नांदूर मधमेश्वरला, जायकवाडीला, भिगवणला अशी माणसं मिळतात. अडचण तुमच्या गावच्या पाझर तलावाची आहे. तिथे कुणीच जात नाही. म्हणून हे आवाहन.

भिगवणला रविवारी पहाटे गेलात तर रोहितांकडे रोखलेले लांबलचक कॅमेरे दिसतील. रोहित देखणाच आहे, त्याचे फोटो जरूर काढा. पण होडीच्या कडेने पोहणारे चक्रांग आणि थापट्या कोण मोजतं? ‘स्टेट ऑफ इंडियाज बर्ड्‌स’ या २०२३ च्या अहवालासाठी दीर्घकाळातली चढउतार सांगता येईल इतकी माहिती फक्त ३३८ जातींची मिळाली. देशात पक्ष्यांच्या जाती तेराशेवर आहेत. त्या ३३८ पैकी ६० टक्के घटलेल्या निघाल्या. ज्यांची स्थिती नव्याने तपासा असं अहवाल सांगतो, त्यांत थापट्या आहे, चक्रांग आहे, काठाकाठाने शेपूट हलवत फिरणारा साधा तुतवारही आहे. ‘नेहमीचेच’ म्हणून आपण ज्यांच्यावरून नजर पुढे नेतो, नेमके तेच.

उजनीचं पाहा. पाऊस चांगला झाला की धरण काठोकाठ भरतं आणि दिवाळीनंतरही पाणी हटत नाही. रोहितांना लागतो उथळ पाण्याखालचा गाळ. तो हाती येईपर्यंत ते उतरत नाहीत, कधी कधी फेब्रुवारी उजाडतो. मग डिसेंबरात एक चक्कर मारून आलेला माणूस सांगतो, ‘यंदा पक्षीच नाहीत’, आणि तशीच बातमी छापून येते. एखाद्या वर्षी, २०२३ सारखं, धरण भरतच नाही. काठ लवकर उघडे पडतात, पक्षी लवकर दिसू लागतात आणि लोक म्हणतात, पक्षी वाढले. दोन्ही वेळा आपण सांगतो ती पाण्याची गोष्ट असते, पक्ष्यांची नव्हे. उजनीला न दिसलेले रोहित त्या आठवड्यात मायणीला होते, येरळवाडीला होते, जायकवाडीला होते की नावही नसलेल्या एखाद्या तलावात? हे कळायचं तर त्या सगळ्या ठिकाणी त्याच आठवड्यात कुणीतरी उभं असावं लागतं. आणि तिथे काही नसेल तर ‘काही नाही’ असं लिहावं लागतं.

हे शून्य लिहायला लोक कचरतात. फेरी फुकट गेली असं वाटतं. भरतपूरला सायबेरियन क्रौंच २००१-०२ च्या हिवाळ्यात शेवटचे दिसले. त्यानंतर ते आले नाहीत हे आपण छातीठोकपणे सांगतो, कारण तिथे वर्षानुवर्षं मोजणारे होते. माण-खटावच्या किंवा सांगोल्याच्या एखाद्या तलावावरून काय नाहीसं झालं, हे सांगायला आपल्याकडे कागदाचा चिटोराही नाही.

करायचं ते अवघड नाही. सकाळी लवकर जा, सूर्य पाठीशी घ्या. दुर्बीण असली तर उत्तम. थव्यातले दहा पक्षी नीट मोजा, त्यांनी किती जागा व्यापली ते नजरेत धरा आणि तेवढाच तुकडा पुढे पुढे सरकवत न्या: वीस, तीस, शंभर. ‘भरपूर’ आणि ‘असंख्य’ हे शब्द वहीत नकोत. तलावाचं नाव, तारीख, सुरू केल्याची आणि संपवल्याची वेळ लिहा. शिवाय पाणी कुठवर आहे तेही लिहा: सांडव्याला लागलंय की तळ उघडा पडलाय? ही ओळ बहुतेक जण विसरतात, आणि माझ्या मते तीच सगळ्यांत मोलाची.

नाव येत नसेल तर गावात म्हणतात ते लिहा, सोबत वर्णन द्या. काळ्या चोचीचं टोक पिवळं आणि मुळाशी लाल ठिपके दिसले तर ते हळदीकुंकू बदक. ते पाहुणं नाही, इथलंच आहे. पांढऱ्या डोक्यावर दोन काळे पट्टे असतील तर तो हिमालय ओलांडून आलेला पट्टकदंब. त्याच्या मानेकडे जरा निरखून पाहा. मंगोलियात गळपट्टी चढवलेले पट्टकदंब भारतात दिसलेले आहेत. पट्टीचा रंग आणि तिच्यावरची अक्षरं टिपून घ्या.

जाण्याआधी रोज पाण्यावर असणाऱ्यांना विचारा: मासेमारी करणारे, पाटकरी, मेंढपाळ. ज्वारीवरून गोफणीने भोरड्या हाकणाऱ्याला त्या शिवारात कधी उतरल्या ते आपल्यापेक्षा नक्की ठाऊक असतं.

थवा उठवून मोजू नका, ड्रोन तर नकोच. हजारो किलोमीटर उडून आलेल्या जिवाला फोटोसाठी पुन्हा उडवणाऱ्याला पक्षिप्रेमी का म्हणायचं, मला कळत नाही. मेलेले पक्षी आढळले तर हात न लावता वनखात्याला आणि पशुवैद्यकीय दवाखान्याला कळवा. याच दिवसांत संक्रांत येते. नायलॉन मांजावर बंदी असूनही तो विकला जातो, तेव्हा घरातल्या फिरकीवर काय गुंडाळलंय ते एकदा बघा.

शिक्षकांना एक वेगळी विनंती. मारुती चितमपल्ली आणि सालिम अली यांच्या जन्मदिवसांना जोडून ५ ते १२ नोव्हेंबरला आपण पक्षी सप्ताह साजरा करतो. घोषवाक्यं होतात, चित्रं होतात. पण तेव्हा पाहुण्यांपैकी बरेचसे अजून वाटेवरच असतात. त्याच मुलांना जानेवारीतल्या एका सकाळी तलावावर न्या आणि मोजू द्या.

नोंद ‘ई-बर्ड’ या मोफत अ‍ॅपवर भरता येते. ज्यांना ते जमत नसेल त्यांनी वहीचं पान तालुक्यातल्या एखाद्या पक्षिमित्राकडे पोचवावं, तो भरून देईल. तलाव कुठला आणि सोबत कोण, हे आजच ठरवा. गाळात एकट्याने उतरू नका. आणि एकदा निवडलेला तलाव पुढच्या जानेवारीत बदलू नका, मग यंदा तिथे एकही पक्षी दिसला नाही तरी.