तालीम सर्वांची

'तालीम' हा शब्द तुमच्या चांगल्या ओळखीचा आहे. उर्दूत तालीम म्हणजे शिक्षण. मराठीत मात्र तालीम म्हणजे कुस्तीचा व कसरतीचा आखाडा. शब्द एकच, पण एका भाषेत तो पुस्तकाकडे नेतो, तर दुसऱ्या भाषेत मैदानाकडे. माझ्या मते, या दोन्ही अर्थांची जोड असेल तरच शिक्षण पुरे होते.

नाशिकचा अंबड भाग औद्योगिक वसाहतीसाठी ओळखला जातो. कारखान्यांच्या परिसरात मालमोटारींची सतत ये-जा असते. कामगारांची घरे बहुधा लहान असतात. तेथील मुलामुलींनी धावायचे कोठे? दहावीनंतर ती महाविद्यालयात जातात, तेव्हा मैदानाची खरी गरज त्यांनाच असते. पण पुष्कळ ठिकाणी खेळ म्हणजे संघातील दहा-पंधरा निवडक विद्यार्थी. बाकीच्यांनी फक्त टाळ्या वाजवायच्या! कला शाखेच्या लहान महाविद्यालयात तर 'आपल्याकडे पैसा नाही' असे म्हटले की विषयच संपतो.

पैसा लागतो, हे खरे. पण त्याआधी खेळाविषयी आस्था लागते. खाशाबा जाधव हे कोल्हापूरच्या राजाराम महाविद्यालयाचे विद्यार्थी. 1948 साली लंडनच्या ऑलिंपिकमध्ये ते सहावे आले. 1952 साली हेलसिंकीला जाण्यासाठी त्यांच्याजवळ पुरेसे पैसे नव्हते. तेव्हा त्या महाविद्यालयाचे प्राचार्य खर्डेकर यांनी आपले घर गहाण ठेवून त्यांना 7,000 रुपये दिले. जाधवांनी कांस्यपदक आणले. स्वतंत्र भारताचे ते पहिले वैयक्तिक ऑलिंपिक पदक होते. प्राचार्यांनी कुस्तीला शिक्षणाबाहेरची गोष्ट मानले असते, तर हे घडले असते का?

आपल्या नाशिक जिल्ह्यातही असे उदाहरण आहे. त्र्यंबकेश्वर तालुक्यातील सावरपाडा या आदिवासी पाड्यावरची कविता राऊत नाशिकला येऊन प्रशिक्षक विजेंद्रसिंग यांच्या हाताखाली धावू लागली. 2010 साली दिल्लीच्या राष्ट्रकुल स्पर्धेत तिने 10,000 मीटर शर्यतीत कांस्यपदक मिळवले. त्याच वर्षी ग्वांगझूच्या आशियाई स्पर्धेत तिने त्याच शर्यतीत रौप्यपदक जिंकले. धावायला महागडी साधने लागत नाहीत. मोकळी जागा, नियमित सराव आणि शिकवणारा माणूस लागतो.

कोणी म्हणेल, "सगळेच काही कविता राऊत होणार नाहीत." अगदी बरोबर! म्हणूनच खेळ सर्वांसाठी हवा. निरोगी शरीर, हार पचवण्याची हिंमत आणि सोबत्यावरचा विश्वास यांची गरज फक्त पदक जिंकणाऱ्यालाच असते का? अमेरिकेतील अनेक लहान महाविद्यालये खेळासाठी शिष्यवृत्ती देत नाहीत. तरीही तेथील विद्यार्थी अभ्यास सांभाळून हौसेने खेळतात.

आपल्याकडेही हे जमेल. कबड्डीला 13 मीटर लांब व 10 मीटर रुंद एवढे मैदान पुरते. खो-खोला दोन खांब व थोडी मोठी मोकळी जागा लागते. अंबडपासून पांडवलेणीचा डोंगर जवळच आहे. महिन्यातून एकदा सर्व वर्गाने त्याच्या पायऱ्या चढाव्यात. मुलींना संकोच वाटत असेल, तर त्यांच्यासाठी वेगळी वेळ व शिक्षिका असाव्यात. वेळापत्रकात खेळाचा तास असावा आणि परीक्षा जवळ आली म्हणून तो पहिल्यांदा कापला जाऊ नये.

महाविद्यालयाची परीक्षा कपाटातील चषक मोजून करू नये. वर्षभरात किती विद्यार्थी मैदानावर उतरले, हे मोजावे. दोन-तीन वर्षांनी तुम्ही प्रवेशासाठी जाल, तेव्हा ग्रंथालयात पुस्तके किती आहेत हे जरूर विचारा. त्याबरोबरच आणखी एक प्रश्न विचारा, "संघात नसलेल्या मुलामुलींना येथे खेळायला मिळते का?" उत्तर 'होय' असेल, तर तेथे दोन्ही अर्थांची तालीम मिळते असे समजा.