पाचट नव्हे, पैसा जळतोय
माळेगाव, सोमेश्वर, भवानीनगरला बॉयलरमध्ये बगॅस जळतो, त्याची वाफ होते, वीज होते. आपल्या फडात पाचट जळतं, तेव्हा हाती येते नुसती राख. एकरी ३ ते ४ टन पाचटातला कर्ब आणि १५ ते २० किलो नत्र धुरात जातं. वर कार्बन मोनॉक्साइड आणि बारीक कण, म्हणजे बिडीच्या धुरातलंच विष, वस्तीवरच्या लेकरांच्या छातीत. पाचटानं खोडवा फुटत नाही म्हणता? बुडखे जमिनीलगत छाटा, पाचट सरीत दाबा. एकरी ३२ किलो युरिया, ४० किलो सुपर फॉस्फेट, ४ किलो पाचट कुजवणारं जिवाणू संवर्धन टाकून पाणी द्या. नीरेचं आवर्तन लांबलं तरी ओल टिकेल. काडेपेटी घरीच ठेवा.