काट्याचा आकडा का नाचतो?



नांदेड-लातूरकडे हंगामात गाडीचा नंबर लागायला रात्र काढावी लागते. त्यात काट्यावर आकडा नाचताना दिसला, की ‘काटा मारला’ अशी कुजबुज सुरू होते. आमच्या मते कुजबुज नको अन् डोळेझाकही नको, तपासणी हवी.

इलेक्ट्रॉनिक काट्याखालच्या लोडसेलचा विद्युत संदेश फार क्षीण असतो. एका व्होल्टचे १० लाख भाग केले, तर ५० टनी काट्यावर १० किलोचा फरक म्हणजे त्यातले जेमतेम ३-४ भाग. मोटारीचा स्टार्टर पडला की घरचा रेडिओ खरखरतो. तशीच खरखर वॉकीटॉकीने वा वेल्डिंगने काट्याच्या तारांत शिरते. रेडिओची खरखर कानाला कळते. इथली वजन म्हणून पावतीवर छापली जाते.

शोध अवघड नाही. काट्यावर ठराविक वजन ठेवावे, वॉकीटॉकी जवळ-दूर चालवून आकडा पाहावा, मग एकेक यंत्र बंद करावे. दोष बहुधा तारेच्या तुटक्या जाळीत, सैल अर्थिंगमध्ये नाहीतर जंक्शन बॉक्समधल्या ओलीत निघतो. सील तोडून आकडा जुळवणे हा उपाय नव्हे. सील वैधमापन खात्याचे. ते तोडले की फेरपडताळणी आलीच.

ही चाचणी हंगामाआधी व दर पंधरवड्याला सभासदांसमक्ष व्हावी, वहीत नोंद राहावी. काट्यापाशी वॉकीटॉकी बंद असावी. आकडा थांबल्याशिवाय पावती फाडू नये. रांग दहा मिनिटे खोळंबेल, खोळंबू द्या. ऊस आपला, कारखाना आपला. मग काटा एकट्या काटा क्लार्कच्या भरवशावर का सोडायचा?