बारावा पेला



आमच्या धर्मग्रामातील एक तरुण पोर्तुगालमध्ये लिस्बन शहरी नोकरीस आहे. बहिणीच्या साखरपुड्यासाठी तो आदिलाबादेस यावयाचा होता. निघण्यापूर्वी त्याने आम्हांस विचारले, “फादर, दोन बाटल्या द्राक्षारस आणावा म्हणतो. स्वस्तातला, पण घरच्या जेवणाशी जुळेल असा कोणता घेऊ?” सेमिनरीत आम्हांस तत्त्वज्ञान शिकविले गेले, पाकशास्त्र नव्हे, तरीही हा प्रश्न आम्हांस आवडला, हे कबूल केले पाहिजे.

युरोपातील सामान्य कुटुंबात द्राक्षारस हा जेवणाचा सोबती मानतात. तो जेवणासोबत, घोटाघोटाने घेतात. त्याची पारख किमतीवर नसून जोडीवर असते. आंबट रस तळलेल्या पदार्थाचा तुपकटपणा धुऊन काढतो. लाल रसातील तुरटपणा चरबीयुक्त मांसाशी मिळतो. माशाशी मात्र तोच जिभेवर लोखंडासारखा लागतो. तिखटाबरोबर कडक व तुरट रस घेतला तर आग वाढते. तेथे किंचित गोड आणि सौम्य रस हवा. मिष्टान्नाबरोबरचा रस मिष्टान्नाहून गोड असावा, नाहीतर तो आंबट वाटतो. पुरणपोळीपुढे तर बहुतेक द्राक्षारस हार खातात!

या हिशेबाने आम्ही यादी केली. तळलेल्या माशांना आणि भज्यांना पोर्तुगालच्या वायव्येकडील ‘विन्यु व्हेर्द’. नावाचा अर्थ ‘हिरवा’ असला तरी अभिप्रेत आहे तो कोवळेपणा. हा हलका, आंबूस रस तेथे अल्प किमतीत मिळतो. मटणाच्या रश्श्याला आलेंतेझु प्रांताचा मऊ तांबडा, थोडा गार करून. ठेचा-भाकरीला खरे तर जर्मनीचा किंचित गोड ‘रीसलिंग’ शोभेल. पण लिस्बनहून येणाऱ्याने पोर्तुगालचेच आणावे हे बरे. गोव्यातील ‘विंदालू’चे नावदेखील पोर्तुगीजांच्या द्राक्षारस-लसणाच्या मुरवणीवरून आले, गोव्याने द्राक्षारसाऐवजी माडाचा शिरका घातला आणि पदार्थ आपला केला. जोडी अशी जुळवावी लागते.

परदेशी द्राक्षारसावर आपल्याकडे दीर्घकाळ दीडशे टक्के जकात होती, म्हणून तिकडचा स्वस्त रस इकडे महाग होई. परंतु प्रवाशाला दोन लिटरपर्यंत मद्य जकातीवाचून आणता येते. पाऊण लिटरच्या दोन बाटल्या म्हणजे दीड लिटर. सव्वाशे मिलिलिटरचा एक पेला धरला, तर बरोबर बारा पेले. दोन्ही घरची मिळून मोठी माणसे बाराच होती. आमचे गणित आम्हांस फारच सुंदर वाटले.

रविवारच्या उपासनेनंतर त्या तरुणाची आई थांबली. पदर सावरीत हळूच म्हणाली, “फादर, पेले बारा मोजले तुम्ही. त्यात यांचाबी धरला का?”

आम्ही निरुत्तर झालो. तिच्या यजमानांनी गुडुंब्याच्या व्यसनापायी एक शेत आणि कित्येक वर्षे गमावली होती. गेली चार वर्षे त्यांनी थेंबास स्पर्श केलेला नाही, हे आम्ही जाणत होतो. त्या प्रतिज्ञेस आम्हीच साक्षी होतो. आणि आम्ही माशांची जोडी पाहिली, मटणाची पाहिली, माणसाची पाहिली नाही!

काना गावच्या लग्नात प्रभूने पाण्याचा द्राक्षारस केला, हे आम्हांस कोणीही ऐकवील. पण ती कृती यजमानाची लाज राखण्यासाठी होती. ज्या पेल्याने यजमानाची लाज जाण्याचे भय आहे, त्याला कानाचा दाखला कसा लावावा? वेदीवरसुद्धा ख्रिस्तसभा दुर्बळाची वाट अडवीत नाही. ज्या धर्मगुरूस मद्यार्क वर्ज्य आहे, त्यास अधिकाऱ्यांच्या परवानगीने ‘मुस्तुम’, म्हणजे आंबण्याची क्रिया आरंभीच थांबविलेला द्राक्षांचा रस, वापरता येतो; २००३ साली रोमहून बिशपमंडळांना गेलेल्या पत्रात तसे स्पष्ट आहे. वेदीवर जी सवलत आहे, ती घरच्या पाटावर का नसावी? शिवाय मद्याचे कोणतेही प्रमाण पूर्णतः निर्धोक नाही, असे जागतिक आरोग्य संघटनेने २०२३ साली सांगितले आहे, हेही विसरून चालणार नाही.

आम्ही त्या तरुणास पुन्हा फोन केला व आमची चूक सांगितली. तो काही वेळ गप्प राहिला. मग म्हणाला, “फादर, बाबांना मी पेला दिला असता, तर ते मला नाही म्हणू शकले नसते.”

साखरपुड्याला त्याने सार्डिन माशांचे डबे व ऑलिव्हचे तेल आणले. तेलातले ते मासे ज्वारीच्या भाकरीशी असे काही जुळले, की व्याह्यांनी दुसऱ्यांदा मागून घेतले. लिंबाच्या सरबताचे बारा पेले भरले गेले, बाराही सारखेच. भरणारे होते मुलीचे वडील.

ज्या घरी एका पेल्यावर सर्वांचाच हात थांबतो, त्या घरासाठी आमची यादी अजून खरी आहे. फक्त पदार्थ निवडण्याआधी पंगतीत कोण बसणार ते पाहावे, एवढीच विनंती.